शॉर्टवेव्ह अजून चालू आहे

रेडिओ नेदरलँड्सची शॉर्टवेव्ह २०१२ साली गेली, रेडिओ ऑस्ट्रेलियाची २०१७ मध्ये. ३१ जानेवारी २०२० ला बीबीसी हिंदीही शॉर्टवेव्हवरून उतरली आणि आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांनी हाय खाल्ली. ‘शॉर्टवेव्ह संपली’ हे वाक्य तेव्हापासून सर्रास कानावर येतं. ते खरं नाही. ३ ते ३० मेगाहर्ट्‌झच्या या पट्ट्यात आजही चीन, रुमानिया, जपान, न्यूझीलंड यांची केंद्रं बोलतात. महासागरावरची विमानं बोलतात, हौशी रेडिओ चालवणारी हॅम मंडळी गप्पा मारतात, वेळ सांगणारी केंद्रं सेकंदासेकंदाला टिकटिकतात. बदललं आहे ते ऐकण्याचं साधन, आणि माझ्या मते ते फार चांगल्या दिशेने बदललं आहे.

आपल्या घरांना शॉर्टवेव्हची गोडी लावली ती रेडिओ सिलोनने. पन्नासच्या दशकात केसकर नभोवाणीमंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. कोलंबोच्या रेडिओ सिलोनने मात्र १९५२ पासून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घरोघर पोचवली. १९५७ साली विविध भारती सुरू झाली त्यामागे ही ओढाताण होती. त्या काळी खोलीभर आडवी ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल असे. काटा केसभर सरकला की गाणं जाऊन खरखर येई.

कोलंबोचा आवाज साताऱ्यापर्यंत यायचा कसा? जमिनीपासून साधारण २०० ते ४०० किलोमीटर उंचीवर आयनावरणाचा ‘एफ’ थर आहे. शॉर्टवेव्हच्या लहरी त्याच्यावरून वळून पुन्हा खाली येतात. त्याच्या बऱ्याच खाली, दिवसा सूर्यामुळे तयार होणारा ‘डी’ थर कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि ४१ किंवा ४९ मीटर तरंगलांबीवर दूरदूरची केंद्रं उगवू लागतात. शिवाय सूर्यावरचं सुमारे ११ वर्षांचं डागांचं चक्र आहेच. डाग वाढले की वरच्या फ्रिक्वेन्सी जाग्या होतात. शॉर्टवेव्हच्या श्रोत्याला घड्याळ आणि सूर्य दोन्हींवर नजर ठेवावी लागते.

मुंबईशी शॉर्टवेव्हचं नातं ‘बिनाका’हूनही जुनं आहे. १९४२ च्या आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला. पोलिसांना चकवण्यासाठी ते जागा बदलत राहिले, आणि नोव्हेंबरमध्ये पकडले जाईपर्यंत बोलत राहिले. त्यांची तरंगलांबी होती ४२.३४ मीटर. हिशेब केला तर ती सुमारे ७०८० किलोहर्ट्‌झ येते. ही जागा आज हॅम लोकांच्या ४० मीटर पट्ट्यात आहे आणि संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

ही गर्दी आता डोळ्यांना दिसते, ती सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओमुळे (एसडीआर). जुन्या रेडिओत स्टेशन निवडणं, त्यातून आवाज सोडवून घेणं ही कामं कॉइल, कंडेन्सर आणि ट्रान्झिस्टर करत. एसडीआरमध्ये एरियलवरून आलेल्या लहरींचे आकडे केले जातात आणि बाकी सगळं गणित संगणक करतो. ‘सॉफ्टवेअर रेडिओ’ ही कल्पना जोसेफ मिटोला यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मांडली. घराघरात ती आली २०१२ च्या सुमारास. संगणकावर टीव्ही बघण्यासाठी विकल्या जाणाऱ्या स्वस्त यूएसबी डाँगलमध्ये आरटीएल२८३२यू नावाची चिप होती. ती कच्चे आकडे सरळ संगणकाला देऊ शकते हे हौशी प्रोग्रॅमरांच्या लक्षात आलं, आणि बोटाएवढ्या डाँगलचा रेडिओ झाला. आठ बिटांचे आकडे, सेकंदाला सुमारे २४ लाख. याचा अर्थ, एका वेळी दोन मेगाहर्ट्‌झहून रुंद पट्टा पडद्यावर उघडा.

त्या पडद्याला वॉटरफॉल म्हणतात. आडवी फ्रिक्वेन्सी, उभा काळ, आणि जितकी जोरदार लहर तितका उजळ रंग. सवय झाली की न ऐकताही ओळख पटते. मधोमध ठळक उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना सारखाच पिसारा दिसला, तर ते एएमवरचं प्रसारण केंद्र. मधली रेघ नाही आणि पिसारा एकाच बाजूला, तर हॅमची सिंगल साइडबँड. तुटक तुटक रेघ म्हणजे मोर्स. ७०७४ किलोहर्ट्‌झवर पंधरा पंधरा सेकंदांची वळवळती गांडुळं दिसतात ते एफटी८ या डिजिटल पद्धतीचे संदेश; कानाला जवळजवळ न ऐकू येणारा सिग्नलही त्यातून वाचता येतो.

या ऐकण्याचा खरा शत्रू बंद पडणारी केंद्रं नव्हेत, आपलीच घरं आहेत. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर यांच्या आतली वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होते आणि तिचा कचरा पट्टाभर पसरतो. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून घराचा मेन स्विच बंद करावा आणि वॉटरफॉलकडे बघावं. धुरकट पट्टे नाहीसे झाले, तर चोर घरातच आहे. मग एकेक उपकरण लावत जाऊन तो पकडता येतो.

सुरुवातीला पैसे खर्च करायची गरज नाही. नेदरलँड्समध्ये एन्स्खेडे इथल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर २००८ साली सुरू झाला. शेकडो लोक इंटरनेटवरून एकाच रिसीव्हरवर एकाच वेळी वेगवेगळी स्टेशनं लावून ऐकतात, कारण वाटणी सॉफ्टवेअर करतं. शिकायला ही उत्तम शाळा. पण तिथे ऐकू येतं ते युरोपचं आकाश. आपल्या गच्चीवरून काय येतं ते आपल्याच तारेने कळतं, आणि माझ्या लेखी खरा छंद तोच.

म्हणून डाँगल घ्या, पण शॉर्टवेव्हसाठी डायरेक्ट सॅम्पलिंग किंवा अपकन्व्हर्टरची सोय आहे ना, हे आधी विचारा. साधं डाँगल २४ मेगाहर्ट्‌झच्या खाली बहिरं असतं. दहा मीटर तार इमारतीपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या, आणि पावसाळ्यात विजा चमकू लागल्या की ती काढून ठेवा. मग अंधार पडल्यावर ६६७६ किलोहर्ट्‌झवर अपर साइडबँड लावा. विमानांसाठी हवामान सांगणारी आशियातली केंद्रं तिथे पाळीपाळीने येतात. मुंबईची पाळी दर तासाच्या २५ व्या आणि ५५ व्या मिनिटाची.