कोण गप्प आहे, हे दिसतं तिथे

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने पाडलेली ही विभागणी इथल्या शेतीत उतरली आहे आणि बोलण्यातही. खाली पूर्णेचं खोरं, काळी भारी जमीन, कपाशी, शेगाव-संग्रामपूरकडचा खारपाणपट्टा आणि सातपुड्याच्या पायथ्याशी संत्र्याच्या बागा. वर चिखली, मेहकर, लोणारकडे सोयाबीन, तूर, हरभरा आणि देऊळगावराजा-सिंदखेडराजा भागात शेडनेटमधलं भाजीपाल्याचं बीजोत्पादन. 2011 च्या जनगणनेत या 13 तालुक्यांची लोकसंख्या 25 लाख 86 हजार होती. अशा जिल्ह्यातल्या सगळ्या शेतकऱ्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपवर हजार जणांचा एकच गट काढला, तर त्याचं काय होईल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पहिल्या आठवड्यात उत्साह असतो. मग संग्रामपूरचा बागायतदार फळगळीचा फोटो टाकतो आणि लोणारच्या सोयाबीनवाल्याला त्यावर बोलण्यासारखं काही नसतं. ज्याला उत्तर ठाऊक असतं त्यालाही वाटतं की एवढ्या लोकांत आपल्यापेक्षा जाणकार कोणीतरी असेलच, तो सांगेल. हळूहळू चार-पाच जण बोलतात, बाकीचे वाचतात आणि काही दिवसांनी वाचणंही सोडतात. मग शुभ सकाळची चित्रं आणि बियाण्यांच्या जाहिराती तेवढ्या उरतात. तोच गप्प शेतकरी आपल्या शिवारातल्या वीस-पंचवीस जणांच्या गटात मात्र सकाळी उठून विचारतो, ‘पाऊस किती झाला तुमच्याकडे?’ माणूस तोच, फोन तोच, मग फरक कशाने पडला? लहान संख्या हे त्याचं अर्धंच उत्तर आहे. आपण गप्प बसलो तर ते कोणाच्या तरी लक्षात येईल आणि आपल्या बोलण्यावाचून कोणाचं तरी अडेल, अशी खात्री जिथे असते तिथे माणूस बोलतो. लहान गटात ही खात्री सहज मिळते. मोठ्या गटात ती मुद्दाम घडवावी लागते आणि बहुतेकदा कोणी घडवत नाही.

इंटरनेटवरच्या मोठ्या समूहांबद्दल जेकब निल्सन यांनी 2006 मध्ये एक ढोबळ नियम मांडला होता. शंभरातले नव्वद नुसते पाहतात, नऊ जण अधूनमधून बोलतात आणि एकटा माणूस बहुतेक सगळं लिहितो. हे आकडे सगळीकडे तंतोतंत लागू पडत नाहीत, पण ज्याने कधी मोठा गट चालवला आहे त्याला हे चित्र ओळखीचं वाटेल. यामागचं कारण मात्र इंटरनेटच्या फार आधी सापडलं होतं आणि ते शोधणारा माणूस शेतकी अभियंता होता. मॅक्सिमिलियन रिंगेलमान या फ्रेंच संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून त्यांची ताकद मोजली. ते निष्कर्ष 1913 मध्ये प्रसिद्ध झाले. एकटा माणूस जेवढा जोर लावतो तो शंभर धरला, तर आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाचा वाटा पन्नासच्याही खाली येतो. त्यातला काही भाग सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी न बसल्यामुळे वाया जातो. पण 1974 मध्ये अमेरिकेत हाच प्रयोग नव्याने झाला तेव्हा दोर ओढणारा खरा माणूस एकच होता, बाकीचे ओढण्याचं नुसतं सोंग करत होते आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. तरीही ‘आपल्याबरोबर इतर आहेत’ एवढ्या समजुतीने त्याचा जोर कमी झाला. ही लबाडी म्हणता येणार नाही, कारण हात कधी सैल पडला हे त्याचं त्यालाही कळत नाही.

याहून जवळचा पुरावा जॉन डार्ली आणि बिब लाताने यांच्या 1968 मधल्या प्रयोगाचा आहे. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं होतं आणि संभाषण फक्त यंत्रावरून ऐकू येत होतं. कोणाचा चेहरा कोणाला दिसत नव्हता, म्हणजे आजच्या गटांसारखीच स्थिती. मध्येच एका आवाजाला झटका आल्यासारखं वाटतं आणि तो मदत मागू लागतो. हे ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले 85 टक्के झटका संपायच्या आत मदतीसाठी उठले. आपल्याशिवाय आणखी चार जण ऐकत आहेत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले फक्त 31 टक्के उठले. मुळात बोलक्या, मदतीला धावणाऱ्या लोकांनाच लहान गट आवडतात, म्हणून लहान गट बोलके दिसतात, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. या प्रयोगापुढे तो टिकत नाही. कोण कुठल्या गटात जाईल हे इथे संशोधकांनी ठरवलं होतं. बदलली होती ती फक्त ऐकणाऱ्यांची संख्या, आणि माणसाचं वागणं तिच्याबरोबर बदललं. मिनेसोटा विद्यापीठाच्या चित्रपट-शिफारशींच्या मूव्हीलेन्स या संकेतस्थळावर पुढे याची दुसरी बाजूही दिसली. ‘तुम्ही पाहिलेले चित्रपट इतरांनी फारसे पाहिलेले नाहीत, म्हणून तुमचं मत वेगळं मोलाचं आहे’ असं ज्या सदस्यांना कळवलं, त्यांनी जास्त मतं नोंदवली. तिथली सदस्यसंख्या काही कमी झाली नव्हती. आपल्यावाचून काही अडतं आहे, एवढंच त्यांना समजलं होतं.

बुलढाणा जिल्ह्यात याचं ठसठशीत उदाहरण पाण्याच्या कामात आहे. पानी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत 2018 साली 24 जिल्ह्यांतले 75 तालुके होते. मोताळा तालुक्यातल्या सिंदखेड गावाने त्या वर्षी साताऱ्याच्या भांडवली गावाबरोबर राज्यात दुसरा क्रमांक मिळवला. ही स्पर्धा एवढी मोठी, तरी तिचं एकक मात्र गाव होतं. गावातून मोजकी माणसं प्रशिक्षणाला जायची, परत येऊन बाकीच्यांना शिकवायची, आणि 8 एप्रिल ते 22 मे या पंचेचाळीस दिवसांत श्रमदान करून चर आणि बांध पूर्ण करायचे. 1 मे रोजी शहरांतून हजारो जलमित्र महाश्रमदानाला आले आणि त्यांचं मोल मोठंच होतं. पण ऐन वैशाखात रोज उठून कुदळ हातात घेणारे गावचेच लोक होते. आज कोण आलं आणि कोणाच्या घरून कोणीच आलं नाही, हे गावात सांगावं लागत नाही. ‘महाराष्ट्र पाणीदार करू या’ असं आवाहन कोट्यवधी लोकांना केलं की ते कोणाच्याच नावाचं नसतं. ‘आपल्या शिवारातला हा चर आपण आज पुरा करू’ हे मात्र थेट त्या माणसाला सांगितलेलं असतं.

याच्या उलट ग्रामसभा पाहा. महाराष्ट्रात ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. तहकूब झालेल्या सभेला तर गणपूर्तीची अटही नाही. कायदा करणाऱ्यांना गावाचा अंदाज होता, असंच म्हणावं लागेल. आणि त्याच गावातला महिला बचत गट दरमहा न चुकता बसतो. दहा ते वीस सदस्य ही बचत गटाची मर्यादा आहे. नाबार्डने 1992 मध्ये 500 गटांना बँकांशी जोडायचा प्रयोग सुरू केला आणि पुढे ही चळवळ देशभर पसरली, पण गट काही शंभराचा झाला नाही. वाढ झाली ती गटांच्या संख्येत. प्रत्येकीचा हप्ता वहीत असतो, म्हणून प्रत्येकीला हिशेब विचारायचा हक्क असतो. जी आली नाही तिच्या घरी दुसरी जाऊन विचारते. सहभाग टिकवण्याचं इतकं साधं आणि इतकं पक्कं तंत्र आपल्याकडे असताना फोनवरचे गट मात्र सदस्यसंख्येवर मोजले जातात, याचं वाईट वाटतं.

या म्हणण्याविरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा चीनमधून येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये चीन सरकारने चिनी विकिपीडिया बंद केला. मुख्य भूमीवरचे वाचक-लेखक एका फटक्यात गेले आणि तैवान, हाँगकाँग, सिंगापूर अशा ठिकाणचे लेखक मागे उरले. समूह लहान झाला, तर लहान गटाच्या सिद्धांताप्रमाणे या लोकांनी जास्त लिहायला हवं होतं. झांग आणि झू या संशोधकांनी 2011 मध्ये दाखवलं की त्यांचं लेखन सरासरी 42.8 टक्क्यांनी घटलं. म्हणजे मोठा समूह माणसाला लिहितं करतो? काही अंशी हो. ज्ञानकोश लिहिणाऱ्याला वाचक हवा असतो आणि वाचक नाहीसा झाला की लिहिण्याचं सुखही आटतं. पण याच अभ्यासातली दुसरी नोंद महत्त्वाची आहे. ज्या लेखकांचा चर्चापानांवर इतरांशी जास्त संवाद होता, त्यांचं लेखन जास्त घटलं. निनावी गर्दी कमी झाल्याने माणूस एवढा खचत नाही. त्यांची उत्तर देणारी, चूक दाखवणारी, कौतुक करणारी माणसं गेली होती. लाखोंच्या समूहाच्या आतही माणूस ज्यांच्याशी बोलतो ते थोडेच असतात आणि ते गेले की तो गप्प होतो.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. लहान गट म्हणजे मोकळा गट, असं आपल्या गावांकडे पाहून कोणी छातीठोकपणे म्हणू शकणार नाही. चाळीस जणांच्या गटात पाटील असतात, त्यांची भावकी असते आणि त्यांच्याच शेतावर मजुरीला जाणारा माणूसही असतो. तिथे त्याने कालव्याच्या पाण्याबद्दल तक्रार लिहिली तर ती कोणी लिहिली हे सगळ्यांना कळतं, आणि तेच त्याच्या मौनाचं कारण असतं. अशा माणसाला अनोळखी, मोठा गट जास्त सुरक्षित वाटू शकतो. तेव्हा माणसाकडे लक्ष असणं ही दुधारी गोष्ट आहे. बरोबरीच्या लोकांचं लक्ष माणसाला बोलतं करतं, वरचढांचं लक्ष त्याची जीभ धरतं. यावर आपल्याच कायद्याने एक वाट काढली आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घेणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. पुरुषांनी भरलेल्या सभेत बाई बोलत नाही, ही गोष्ट तिच्या स्वभावावर न ढकलता कायद्याने तिला बरोबरीची जागा आधी दिली. अनेक गावांत ती सभा कागदावरच होते, हे दुर्दैव आहे, पण विचार योग्य आहे. गट नुसता लहान असून भागत नाही, तो समान अडचणीच्या आणि समान पायरीच्या लोकांचा असावा लागतो. शेतमजूर बायांचा गट बागायतदारांच्या गटात विरघळवला की त्यांचा आवाज सर्वांत आधी बुडतो.

ओळखीच्या गटात अफवेवरही पटकन विश्वास बसतो, हेही खरं आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारलं. त्यामागे फोनवरून पसरलेल्या अफवा होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. मात्र तशा अफवा एका गटात जन्मून तिथेच राहत नाहीत, त्या गटागटांतून पुढे ढकलल्या जातात आणि मूळ सांगणारा कोणालाच माहीत नसतो. ‘हे तू स्वतः पाहिलंस का?’ हा प्रश्न विचारता येतो तो ओळखीच्या माणसालाच. लहान गट अफवेपासून आपोआप वाचवत नाही, पण तो प्रश्न विचारायची सोय तिथे असते. ती वापरायची सवय मात्र लावावी लागते.

गट मोठे करण्याची सोय कंपन्यांनी भरपूर केली आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटाची मर्यादा 2014 मध्ये 100 होती, 2016 मध्ये 256 झाली आणि 2022 मध्ये आधी 512, मग 1024. जून 2018 पासून फक्त अ‍ॅडमिनलाच संदेश टाकता येईल अशीही सोय आली, आणि गोंधळाला कंटाळलेले अनेक मोठे गट तिचा आधार घेऊन सूचनाफलक झाले. सूचनाफलकाची गरज असते. हवामानाचा इशारा, पीकविम्याची शेवटची तारीख, बाजार समितीतला भाव हे एका दमात हजारांना कळलंच पाहिजे. चूक होते ती अशा फलकाला लोकसहभाग म्हणण्यात. एका बाजूने माहिती पाठवायची आणि वाचल्याच्या दोन निळ्या खुणा मोजून अहवालात ‘एवढे शेतकरी जोडले गेले’ असं लिहायचं, याने कोणी जोडलं जात नाही.

म्हणून कृषी सहायक, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, शिक्षक आणि गावोगावच्या बचत गटांच्या ताई यांना एक विनंती आहे. सूचनांसाठी मोठा गट जरूर ठेवा, पण बोलण्यासाठी त्याचे लहान गट करा, आणि ते तालुक्याच्या हद्दीने न करता पिकाने आणि शिवाराने करा. देऊळगावराजाचे शेडनेटवाले वेगळे, खारपाणपट्ट्यातले कपाशीवाले वेगळे, संत्रावाले वेगळे. सगळे एकमेकांना नावाने ओळखतील एवढीच संख्या ठेवा. प्रत्येक गटात एका माणसाकडे एवढंच काम द्या की विचारलेला एकही प्रश्न दिवसभर उत्तराविना राहू नये, मग उत्तर ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ एवढंच असलं तरी चालेल. हंगाम संपला की गट शांत झाला म्हणून घाबरू नका, पुढच्या पेरणीला तो पुन्हा बोलेल. आणि एखादा सदस्य महिनाभर काही बोलला नसेल, तर सर्वांसमोर नव्हे, त्याला एकट्याला फोन करून विचारा की यंदा तुमच्याकडे पीक कसं आहे.