खेळण्यातल्या इंजिनाला कान बसवताना

कसारा ते इगतपुरी हा रेल्वेचा घाट नाशिककरांच्या रोजच्या ओळखीचा. १८६५ पासून गाड्या हा चढ चढत आहेत. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा हा चढ. एका इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने लावतात. त्यांना बँकर म्हणतात. पुढचे ओढते, मागची ढकलतात आणि इगतपुरीला मागची सुटतात. इगतपुरी, मनमाड, भुसावळ या गावांत आपल्या समाजाची रेल्वेत नोकरी केलेली घरे पुष्कळ. तिथे बँकर हा शब्द लहान मुलांनाही ठाऊक असतो.

हा घाट टेबलावर मांडता येईल का, असा प्रश्न आमच्या मोहल्ल्यातल्या एका चाचांना पडला. ते निवृत्त इंजिन ड्रायव्हर. मुलाने काही वर्षांपूर्वी परदेशातून आणलेली दोन छोटी इंजिने आणि थोडे रूळ त्यांच्या कपाटात होते. चाचांना काचबिंदू आहे. औषधाने उरलेली नजर जपता येते, गेलेली परत येत नाही, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले आहे. "दिसतंय तोवर एकदा बँकर लावून गाडी चढवायची आहे," असे ते म्हणाले. त्यांची नात नववीत शिकते. हे काम तिने हातात घेतले.

इंजिन एवढे लहान का?

या मापाला एन गेज म्हणतात. खऱ्या इंजिनाचा १६० वा भाग. सोळा मीटर लांबीचे इंजिन इथे दहा सेंटिमीटरचे होते आणि दोन रुळांमधले अंतर फक्त ९ मिलिमीटर. एवढ्या पोटात मोटर, दातेरी चाके, दिवे आणि वजनासाठी धातूची चौकट ठासून बसवलेली असते.

जुन्या पद्धतीत रुळात डीसी वीज सोडतात. व्होल्टेज वाढवले की वेग वाढतो, धन-ऋण टोके उलटी केली की गाडी मागे जाते. अडचण अशी की रुळावरची सगळी इंजिने एकाच हुकमावर चालतात. पुढचे चालू ठेवून मागचे सोडवायचे, हे जमत नाही.

डिजिटल पद्धतीत रुळात वीज कायम पूर्ण दाबाने असते. तिची दिशा सेकंदाला हजारो वेळा बदलते आणि त्या बदलांतूनच संदेश जातो. आखूड ठोका म्हणजे एक, लांब ठोका म्हणजे शून्य. इंजिनात बसवलेला नखाएवढा डिकोडर हा संदेश ऐकतो. आपला क्रमांक पुकारला गेला तरच हुकूम पाळतो, नाहीतर गप्प बसतो. वर्गात हजेरी घेताना मुले जे करतात, तेच. जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेने १९९० च्या दशकात याचे मानक ठरवले. त्यामुळे एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर चालतो.

काम कसे झाले

नव्या इंजिनात डिकोडरसाठी तयार खाच असते. चाचांची इंजिने जुनी, म्हणून वायरी हाताने जोडणे आले. आधी दोन्ही इंजिने साध्या डीसीवर चालवून पाहिली. मोटरच खराब असेल तर डिकोडर बसवून उपयोग नसतो. नंतर वरचे कवच उतरवले.

वायरींचे रंग ठरलेले असतात. लाल उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची. नारिंगी आणि करडी मोटरच्या. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, निळी दोन्ही दिव्यांची सामाईक. एलईडी असेल तर मध्ये रेझिस्टर लागतोच.

सर्वांत नाजूक गोष्ट मोटरची. जुन्या इंजिनात मोटरची टोके चौकटीला टेकलेली असतात आणि चौकटीतून रुळाची वीज येते. डिकोडर बसवताना हा संबंध पूर्ण तोडावा लागतो. थोडा जरी राहिला तरी वीज देताच डिकोडर जळतो. आणि तो स्वस्त नसतो. दोन डिकोडरच्या पैशात घरातल्या मुलांची वर्षाची वह्या-पुस्तके आली असती, असे मुलीच्या अम्मी म्हणाल्याच होत्या.

पहिल्या इंजिनाला वायरी लागल्या. चाचांना घाई झाली होती. नातीने मल्टिमीटरची एक सुई मोटरला आणि दुसरी चाकाला लावली. मीटर वाजला.

"दादाजान, थांबा. अजून कुठेतरी टेकतंय."

शोधल्यावर तांब्याची एक पट्टी चौकटीला लागलेली सापडली. तिने ती कापली, खाली पातळ चिकटपट्टी लावली आणि पुन्हा तपासले. या वेळी मीटर गप्प राहिला. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ड्रायव्हरसुद्धा सिग्नल पाहिल्याशिवाय हँडल हलवत नाही," एवढेच ते बोलले.

डिकोडरसाठी जागा करायला चौकटीचा थोडा धातू घासला. तो फार घासून चालत नाही. वजन घटले की चाके चढावर घसरतात. डिकोडरला चिकटपट्टीत गच्च गुंडाळायचेही नसते, त्याला हवा लागते. मग प्रोग्रामिंगच्या वेगळ्या रुळावर इंजिन ठेवले. तिथे वीज इतकी कमी असते की चूक असली तरी सहसा नुकसान होत नाही. नवा डिकोडर कारखान्यातून ३ हा क्रमांक घेऊन येतो. दोन्हींचा ३ राहिला तर दोन्ही एकदम निघतील, म्हणून एकाला २१, दुसऱ्याला २२ दिला. नंतर दोघांचा वेग जुळवला. मागचे जोरात आणि पुढचे हळू असेल तर मधले डबे रुळावरून उचलले जातात.

घाट चढला

प्लायवूडच्या फळीवर चढ केला. खऱ्या घाटाइतका तीव्र नव्हता. २१ पुढे, २२ मागे आणि मध्ये सहा डबे. चाचा टेबलाला चेहरा लावून बसले होते. गाडी वर पोहोचली तेव्हा त्यांनी स्वतः बटण दाबून २२ ला थांबवले. पुढची गाडी निघून गेली, बँकर मागे उभा राहिला.

घरी मुलांना हे शिकवायचे असेल तर दोन गोष्टी सांभाळा. सोल्डरिंग खिडकी उघडून करा आणि नंतर हात धुतल्याशिवाय खाऊ नका, कारण साध्या सोल्डरमध्ये शिसे असते. खर्च परवडत नसेल तर पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय सुट्टीत मुलांना दाखवा. आणि मुलगी मीटर मागत असेल तर तिलाही द्या. दुरुस्तीचे काम मुलांचेच, असे आपल्या घरांत अजून गृहीत धरले जाते. चाचांच्या नातीला आता दहावीनंतर इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला जायचे आहे. प्रवेशाची चौकशी चाचा स्वतः करत आहेत.