मोटारखान्यातली लिफ्ट

"लिफ्ट? आणि ती भोरच्या वाड्यात?" आमचे एक शेजारी माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, वाडा तर एकमजली! लिफ्टने जाणार कुठे, कौलांवर?"

त्यांचा दोष नव्हता. लिफ्ट म्हटले की पुण्यामुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे सरकता दरवाजा आणि 'फक्त चार व्यक्ती' ही पाटी उभी राहते. मी म्हणत होतो ती लिफ्ट निराळी. तिच्यात माणूस जमिनीवरच राहतो आणि मोटार वर जाते. सर्व्हिस स्टेशनात आपण काचेअलीकडे चहा पीत बसलेलो असतो आणि आपली मोटार पलीकडे दोन खांबांच्या मध्ये अधांतरी दिसते ना, तीच ही. ती घरच्या लहानशा मोटारखान्यात बसवता येते का, आणि येत असेल तर कोणती, या एका प्रश्नात आमच्या घराने उणेपुरे आठ महिने घालवले. अलीकडे हौसेने जुनी मोटार पाळणारी कुटुंबे बरीच दिसतात. त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ही हकीकत.

आमची मोटार म्हणजे वडिलांनी घेतलेली 1978 सालची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी 1944 साली काढलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. मूळ कूळ इटलीच्या फियाट 1100 चे. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ अश्रू गाळले गेले. आमची मात्र भोरला वाड्याच्या पागेत सुखरूप आहे. पागेत घोडे होते ते पणजोबांच्या काळी. पंतसचिवांचे संस्थान 1948 साली विलीन झाले, त्याच्या आधीच घोडेही गेले होते. पुढे तिथे आंबेमोहोराची पोती राहिली आणि मग मोटार आली.

पद्मिनीचे दुखणे काढणारे मिस्त्री आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. तेव्हा आमचे चिरंजीव, पोटासाठी संगणकासमोर बसतात ते, शनिवारी पुण्याहून निघतात, कापूरहोळला हमरस्ता सोडतात आणि भोरला पोचले की अंगात जुना सदरा चढवून मोटारीखाली शिरतात. मोटार जॅकवर, जॅकच्या शेजारी आधाराला विटा, आणि बाहेर फक्त दोन पाय. आमच्या सौ. मोटारखान्याच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायच्या आणि दर पाच मिनिटांनी विचारायच्या, "आहेस ना रे?" आतून "हूं" आले की पुढचा मूठभर तांदूळ.

वडिलांच्या वेळेपासून मोटार बघणारे मिस्त्री एकदा सहज आले होते. त्यांनी विटा पाहिल्या आणि काही न बोलता आपला डावा हात पुढे केला. त्याला दोन बोटे कमी आहेत हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. का कमी आहेत हे कधी विचारले नव्हते. "इटंवरची गाडी, दादा," ते म्हणाले. "इट फुटताना सांगत न्हाई." त्या दिवसापासून विटा मोटारखान्याबाहेर गेल्या. मोटार सव्वाबावीस मण असो की तीस मण, भाजलेली वीट असा एका ठिकाणी टेकणारा भार घेण्यासाठी केलेलीच नसते. ती वाकत नाही, चेपत नाही, एकदम फुटते.

मग घरात तीन पक्ष पडले. चिरंजिवांना हवी होती दोन खांबांची उंच लिफ्ट, परदेशी लोकांच्या चलच्चित्रांत असते तशी. धाकट्या काकांचे म्हणणे, "एवढा खर्च कशाला? एसटीच्या डेपोत काय लिफ्टा आहेत? खड्डा खणा." आणि सौ.चा पक्ष असा की कोणीच मोटारीखाली जाऊ नये. हा तिसरा पक्ष बिनतोड होता, पण मोटार विकल्याशिवाय तो अमलात येण्यासारखा नव्हता.

काकांच्या खड्ड्याचा विचार आम्ही मनापासून केला. खड्डा स्वस्त, त्यात काही मोडत नाही आणि वीज गेली तरी खड्डा खड्डाच राहतो. एसटीचे खड्डे मात्र लांब असतात, दोन्ही टोकांनी पायऱ्या असतात आणि त्यावर डिझेलची गाडी येते. आमची मोटार पेट्रोलवरची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून न जाता पाण्यासारखी खाली उतरते आणि खड्ड्यात साचून राहते. त्यात माणूस हातदिवा घेऊन उभा! एक ठिणगी पुरे. शिवाय भोरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको, आषाढ लागला की आमच्या परसातल्या विहिरीला हाताने पाणी लागते. खड्डा वरून झाकता येईल, पण खालून येणाऱ्या पाण्याला काय झाकणार? काका बोलायचे थांबले. पटले म्हणून थांबले की रागावून, ते अजून कळलेले नाही.

आता लिफ्टकडे वळू. मी एका तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवली, तेव्हा वाचकांनी थोडी मास्तरकी सहन करावी. बंद भांड्यातल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे फ्रान्सच्या पास्कलने सतराव्या शतकात सांगितले. 1795 मध्ये इंग्लंडच्या ब्रामाने त्यावरून दाबयंत्राचे पेटंट घेतले. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 100 किलो आणि दट्ट्याचे क्षेत्र 20 चौरस सेंटिमीटर असेल, तर तो दट्ट्या 2000 किलो उचलतो. आमची पद्मिनी रिकामी असताना सुमारे 900 किलोची. म्हणजे उचलण्याचा प्रश्न मुळात अवघड नाही. मोटारीसाठी अशी लिफ्ट अमेरिकेतल्या मेम्फिस गावच्या पीटर लुनाटी नावाच्या मिस्त्रीने 1925 च्या सुमारास केली, आणि ती कल्पना त्याला न्हाव्याची खुर्ची वरखाली होताना पाहून सुचली असे सांगतात. दाढी करताना डोके चालवणारे लोक असतात ते असे.

पण उचलणे वेगळे आणि धरून ठेवणे वेगळे. दुकानात गेलात की विक्रेता तुम्हाला टनांचे आकडे सांगतो. आम्हालाही एकाने सांगितले, "साहेब, चार टनांचीच घ्या, निर्धास्त राहा." मोटार एक टनाच्या आत, चार टनांनी निर्धास्तपणा चौपट होत नाही. तेलाची नळी फुटली किंवा दट्ट्याचे वायसर गेले की चार टनांची लिफ्टही खालीच येणार. माणसाला वाचवते ते तेल नव्हे, तर लोखंडी कुलूप. लिफ्ट वर जाताना "खट्, खट्" असा आवाज येतो तो दात्यांवरून सरकणाऱ्या खिट्टीचा. हव्या त्या उंचीच्या जरा वर जायचे, मग हळूच उतरवून सगळा भार त्या दात्यावर बसवायचा, आणि त्यानंतरच खाली शिरायचे. विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा तो हा : कुलूप किती उंचीपासून लागते, दोन्ही बाजूंना स्वतंत्र आहे का, आणि एका बाजूचे लागले नाही तर मला कसे कळेल? आमच्या चार टनवाल्याने या प्रश्नावर चहा मागवला. दुसऱ्या एका ठिकाणी एका मुलाने लिफ्ट वर नेऊन, कुलपावर बसवून, तेलाचा दाब सोडून दाखवला. आम्ही त्या मुलाकडून घेतली. युरोपातल्या मोटार-लिफ्टांसाठी ईएन 1493 नावाचे मानक आहे, अमेरिकेत 1945 पासून यासाठी एक स्वतंत्र संस्था आहे. तसला दाखला असेल तर तो कागद हातात घेऊन, नीट वाचून पाहावा. नुसत्या चिकटवलेल्या चकाकत्या पट्टीवर जाऊ नये.

हे झाले यंत्राचे. खरे म्हणजे यंत्राच्या दुकानात आम्ही सर्वांत शेवटी गेलो. आधी शिडी आणि टेप घेऊन पागेत गेलो, आणि चिरंजिवांची दोन खांबी लिफ्ट तिथेच निकालात निघाली. पद्मिनीची उंची पावणेपाच फुटांच्या थोडी वर. तिच्याखाली माणूस ताठ उभा राहायचा तर छत अकरा फुटांच्या आसपास हवे. आमच्या कौलारू छपराची मधली उंची चांगली तेरा फूट आहे, पण कैचीची आडवी तुळई नऊ फुटांवर. तुळई कापावी असे सुचवणारे एक महाभाग भेटले. कैचीची आडवी तुळई काढली की भिंती बाहेर फाकतात, हे त्यांना सांगून मी नमस्कार केला. रुंदीचेही तेच. दोन खांबी लिफ्टला बाहेरून बाहेर अकरा फुटांच्या घरात जागा लागते. पागा आतून दहा फूट चार इंच.

चार खांबी लिफ्ट मला स्वतःला आवडते. तिच्यावर मोटार चाकांवरच उभी राहते, त्यामुळे जुन्या मोटारीच्या गंजक्या अंगाला धक्का नाही. पुण्यात एकाच्या जागेत दोन मोटारी वरखाली ठेवायला लोक तीच घेतात. पण चाके लोंबकळत नाहीत, म्हणून ब्रेकच्या कामाला पुन्हा वेगळा जॅक हवा. आणि आमच्या पागेत ती बसवली असती तर मोटारीचे दार उघडायला जागा उरली नसती. चालक खिडकीतून बाहेर पडणार की काय?

राहिली कात्री-लिफ्ट. मिटली की चार-साडेचार इंच, उघडली की सव्वातीन फुटांच्या आसपास. तिच्याखाली उभे राहता येत नाही. पाटावर बसून काम करायचे. आपल्याकडे पाटावर बसायची लाज कोणाला? हिच्यातही दोन जाती. एकीचा सांगाडा मधोमध एकसंध, ती स्वस्त आणि हलवता येणारी. पण गिअरबॉक्स आणि लांब दांडा नेमका तिच्याच वर येतो, आणि पद्मिनीचे निम्मे दुखणे तिथेच. दुसरीत दोन स्वतंत्र फळ्या, मधली जागा मोकळी, ती जमिनीत पक्की बसवावी लागते. आम्ही दुसरी घेतली. कात्रीचा एक स्वभाव लक्षात ठेवावा : पूर्ण मिटलेली असताना पाय जवळजवळ आडवे असतात, तेव्हाच तिला सर्वांत जास्त जोर लागतो. मोटर कण्हते ती पहिल्या वीतभरात, पुढे सुरळीत.

ही लिफ्ट मोटारीला चाकांनी नव्हे, दाराखालच्या पत्र्याच्या पट्ट्यांनी उचलते. पद्मिनीला वेगळी चासी नाही, अंग हाच सांगाडा. आणि भोरच्या चाळीस-पंचेचाळीस पावसाळ्यांनी त्या पट्ट्यांचे काय केले असेल? मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत पाहिले. उजवीकडे "ठण्ण" आवाज आला, डावीकडे "थप्प". डावीकडची पट्टी कापून नवा पत्रा जोडल्यावरच लिफ्टची ऑर्डर गेली. जुनी मोटार असेल त्याने हे काम आधी करावे; लिफ्ट कितीही उत्तम असली तरी कुजलेला पत्रा तिच्या टेकूवर चुरमडतो.

जमिनीचा खर्च कोणी मोजत नाही. पागेत शहाबादी फरशी, खाली मुरूम. फरशी दिसायला दगड, पण तिच्यात ठोकलेला बोल्ट म्हणजे पापडात रोवलेला खिळा. तेवढी जागा उकरून, जाळी घालून, सहा इंच काँक्रीट ओतले, आणि पाणी मारून अठ्ठावीस दिवस थांबलो. ओतताना चिरंजीव लेव्हल घेऊन गवंड्याच्या मागे उभे होते, कारण पागेची जमीन पाणी वाहून जाण्यासाठी दाराकडे उतरती आणि लिफ्टला हवी सपाट. किमती सारख्या बदलतात म्हणून आकडे देत नाही. पण लिफ्टला जेवढे पैसे धराल त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके जमीन आणि वायरिंगसाठी बाजूला ठेवावेत. वर्षातून दोनदाच खाली डोकवायचे असेल तर हे काही करू नये. चांगला जॅक आणि लोखंडाच्या चार भक्कम घोड्या, ज्यांना गॅरेजातली मुले स्टँड म्हणतात, एवढ्यावर भागते.

वायरिंगचे सांगायचे राहिले. घरी वीज एकफेजी. लिफ्टची मोटर तीन अश्वशक्तीची. एकफेजीवर चालणारी मिळते, पण सुरू होताना ती भसकन वीज ओढते. जुन्या वायरीवर जोडली असती तर सौ.चा मिक्सर आणि लिफ्ट यांच्यात रोज भांडण. मीटरपासून स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र एमसीबी, चांगले अर्थिंग, आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवून घेण्याचा अर्ज, हे सगळे आधी उरकले.

आणि एक गंमत कोणताही विक्रेता आपण होऊन सांगत नाही. कुलपावर बसलेली मोटार खाली आणायची तर ती आधी बोटभर वर उचलावी लागते, तेव्हा खिट्टी सुटते. वर उचलायला वीज हवी. म्हणजे मोटार वर आणि वीज गेली, की मोटार वरच! पावसाळ्यात भोरला हे कधी होईल याचा नेम नाही. म्हणून आम्ही हातपंपाची सोय असलेले यंत्र मागून घेतले. श्रावणातल्या एका रविवारी त्याचा उपयोग झाला; चिरंजिवांना सोमवारी सकाळी पुण्यात हजर व्हायचे होते आणि पद्मिनी सव्वातीन फुटांवर. काकांनी, होय, त्याच काकांनी, पंपाचा दांडा हाती घेतला आणि मोजून बत्तीस हापशांत तिला कुलपावरून सोडवली.

लिफ्टच्या कळीला किल्ली आहे. दिवाळीत घरभर मुले असतात, म्हणून ती किल्ली सौ.च्या कमरेच्या जुडग्यात गेली आहे. चिरंजिवांना मोटार उचलायची असली की आईकडे मागावी लागते. त्या आधी मोटारखान्यात येतात, मोटार वीतभर उचलायला लावतात, बंपरला हात लावून ती हलते का पाहतात, मग पुढे न्यायला सांगतात. खट् वाजले की दोन्ही बाजूंना वाकून खिट्ट्या बघतात आणि मगच स्वयंपाकघराकडे वळतात. तांदूळ आता तिथेच निवडला जातो.