नवीन घर घेताय? चेकलिस्टमध्ये स्मोक अलार्म आहे का?



मागच्या वर्षी मी पुण्यात वाकडला टू बीएचके घेतला. फ्लॅट बघायला सुरुवात केली तेव्हा मोबाइलमध्ये भलीमोठी चेकलिस्ट होती. पाणी, पार्किंग, मेंटेनन्स, ऑफिसचं अंतर, मोबाइलची रेंज, फायबरचं कनेक्शन, सगळं होतं. आगीचा मात्र साधा उल्लेखही नव्हता. तो त्या यादीत कसा आला, ते आधी सांगतो.

तेव्हा आम्ही तीन मित्र भाड्याने राहत होतो. एका रात्री हॉलमध्ये सोफ्यामागचा एक्स्टेंशन बोर्ड तापून वितळायला लागला. एकाच बोर्डवर कूलर, लॅपटॉप आणि दोन मोबाइल लावलेले. ज्वाळा नव्हत्या, पण सोफ्याचा फोम आतून धुमसत होता. आम्ही दोघं बेडरूममध्ये दार लावून गाढ झोपलो होतो. तिसरा मित्र नाइट शिफ्ट करून पहाटे चारला आला, दार उघडलं तर हॉलभर काळा धूर. त्याने मेन स्विच पाडला, आम्हाला हाका मारून उठवलं आणि आम्ही तोंडावर टॉवेल धरून बाहेर आलो.

त्या रात्री त्याला सुट्टी असती तर? हा प्रश्न अजून डोक्यातून जात नाही. झोपेत आपलं नाक जवळजवळ बंदच असतं, धुराच्या वासाने जाग येईलच याची खात्री नसते. आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर वासाशिवायच माणसाला बेशुद्ध करतो. कान मात्र झोपेतही बऱ्यापैकी जागे असतात. स्मोक अलार्म नेमका याचाच फायदा घेतो.

स्मोक अलार्म काम कसा करतो?

सकाळी खिडकीतून उन्हाची तिरीप आत येते तेव्हा हवेतली धूळ चमकताना दिसते ना? तेच तत्त्व. अलार्मच्या आत एक छोटीशी अंधारी पोकळी असते. त्यात एका बाजूला एलईडी आणि दुसरीकडे प्रकाश ओळखणारा सेन्सर. एरवी एलईडीचा प्रकाश सेन्सरवर पडत नाही. धूर आत शिरला की धुराच्या कणांवर आपटून प्रकाश विखुरतो, थोडा सेन्सरवर पोहोचतो आणि सायरन सुरू होतो. याला फोटोइलेक्ट्रिक अलार्म म्हणतात.

दुसरा प्रकार आयनायझेशन. त्यात अमेरिसियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ अगदी सूक्ष्म प्रमाणात असतो. भडकलेली आग तो लवकर पकडतो, पण गादी, सोफा, वायर असं काही धुमसत असेल तर फोटोइलेक्ट्रिक जास्त चांगला. झोपण्याच्या खोल्यांसाठी मी तोच घ्या म्हणेन.

माझी चूक: अलार्मऐवजी डिटेक्टर मागवला

मी ऑनलाइन ‘स्मोक डिटेक्टर’ सर्च केलं आणि सगळ्यात स्वस्त दिसला तो मागवला. हातात आल्यावर कळलं की त्याला ना बॅटरी, ना सायरन! तो ऑफिस आणि मॉलमध्ये बसवतात तसला होता. त्याला वायरिंग लागतं आणि आवाज करायला वेगळं फायर पॅनल लागतं. घरी छताला चिकटवला तर तो फक्त शोभेची वस्तू.

म्हणून घेताना तीन गोष्टी वाचा: ‘स्टँडअलोन’ आहे का, बॅटरी आतच आहे का आणि सायरन किती डेसिबलचा आहे. तीन मीटरवर ८५ डेसिबल हवा.

वायफायवाला घेतला तर मोबाइलवर नोटिफिकेशन येतं, घरी कोणी नसताना त्याचा उपयोग होतो. पण राउटर बंद असतानाही सायरन वाजतोच ना, हे आधी बघा. आणि ते अ‍ॅप ‘डू नॉट डिस्टर्ब’ आणि बॅटरी सेव्हरमधून वगळा, नाहीतर रात्री नेमका फोनच गप्प बसेल.

घर निवडताना काय बघायचं?

शेवटी माझ्यासमोर दोन फ्लॅट उरले. पहिला चार लाखांनी स्वस्त आणि बाबांना एकदम पसंत. मी म्हटलं, “बाबा, एकदा जिन्याने खाली उतरून बघूया का?” ते हसले, पण आले. जिन्यात प्रत्येक मजल्यावर चपलांचे स्टँड, सायकली, जुनी कपाटं. होज रीलच्या कपाटाला कुलूप, चावी कोणाकडे ते वॉचमनलाही माहीत नाही. बाहेरच्या गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या लावलेल्या, फायर ब्रिगेडचा बंब आत वळणार कसा? खाली येईपर्यंत बाबाच म्हणाले, “राहू दे, दुसरा बघू.”

तुम्हीही हे तपासा:

- भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, आहे का? प्रोजेक्ट महारेराच्या वेबसाइटवर नोंदलेला असेल तर मंजुऱ्या मोबाइलवरच बघता येतात.
- सोसायटीला ‘फॉर्म बी’ मागा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं हे प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यायचं असतं. “बघतो, देतो” असं उत्तर आलं तर समजून जा.
- जिन्याचं फायर डोअर आपोआप बंद होतं का, की वीट लावून उघडं ठेवलंय? ते उघडं राहिलं तर जिना धुराने भरतो.
- बाल्कनी आणि खिडक्यांना पक्कं ग्रिल असेल तर त्यात उघडणारा भाग आहे का?

अलार्म कुठे बसवायचा?

धूर वर चढतो, म्हणून जागा छतावर, शक्यतो मध्याच्या जवळ. भिंतीपासून किमान एक फूट लांब, कारण कोपऱ्यात धूर उशिरा पोहोचतो. आपल्याकडे मध्यभागी पंखा असतो, त्याच्या पात्यांपासून तीन फूट सोडा. एसीच्या झोतात नको.

किचनपासून साधारण दहा फूट लांब ठेवा, नाहीतर प्रत्येक फोडणीला वाजेल. किचनमध्येच काही हवं असेल तर तापमान ओळखणारा हीट अलार्म घ्या. गॅसची गळती मात्र यातला कोणताच अलार्म सांगत नाही, त्याला गॅस डिटेक्टर वेगळा लागतो. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो डिटेक्टर जमिनीजवळ. पाइपलाइनचा गॅस हलका, म्हणून छताजवळ.

फर्निचर आणि पॉलिशचं काम चालू असेल तर ते संपल्यावरच बसवा. लाकडाचा भुसा आत गेला की अलार्म उगाच वाजत राहतो.

बसवला, आता पुढे?

महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबा. मधूनमधून ‘चिक’ असा आवाज आला तर बॅटरी संपत आलीय. जाळीवरची धूळ मऊ ब्रशने काढा. मागे छापलेल्या तारखेपासून दहा वर्षं झाली की अलार्मच बदला.

आणि खरंच वाजला तर सामान गोळा करू नका. धूर असेल तर खाली वाकून चाला, मागे दार ओढून घ्या, लिफ्ट टाळा, बाहेर पडून १०१ किंवा ११२ ला फोन करा.

शेवटचं एक. मी पहिला अलार्म हॉलमध्ये, देवघराजवळ लावला होता. आईने धूप लावला की तो बोंबलायचा. बाबा वैतागून म्हणाले, “त्याची बॅटरी काढून ठेव.” मी बॅटरी काढली नाही, जागा बदलली. मग एका रात्री आई-बाबा त्यांच्या खोलीत दार लावून, पंखा फुल करून झोपले असताना मुद्दाम टेस्टचं बटण दाबलं. आई लगेच बाहेर आली. बाबा उठलेच नाहीत, त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं.

दुसऱ्या दिवशी अजून दोन मागवले, एकमेकांना वायरलेस जोडले जाणारे. एक वाजला की तिन्ही वाजतात. त्यातला एक आता बाबांच्या खोलीत, बेडच्या बाजूला छतावर आहे. पुन्हा टेस्ट केली तेव्हा बाबा दचकून उठले आणि मला चार शब्द सुनावले.

तुम्हीही अलार्म बसवलात की बेडरूमची दारं लावून एकदा तरी वाजवून बघा. घरातलं कोण उठत नाही ते आधीच कळलेलं बरं.