पावसाळाभर उभ्या गाडीची बॅटरी: सोलर कधी, किती आणि कसं

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित मजकूर.

गेल्या दसऱ्याची गोष्ट. मी आणि मामेभावानं मिळून एक जुनी व्हॅन कॅम्पर म्हणून तयार केलीय. झोपायला फळी, छोटा फ्रिज, दिवे आणि त्यांच्यासाठी मागे १०० ॲम्पिअर-तासांची वेगळी बॅटरी. जूनच्या मध्यात गाडी कामशेतला मामाच्या अंगणात लावली, वर ताडपत्री टाकली आणि पुण्याला आलो. दसऱ्याला गेलो तर मागचा एक दिवा लागेना. मल्टिमीटर लावला, तर ६ व्होल्ट. बॅटरी कायमची गेली होती. कोकण ट्रिपसाठी साठवलेले पैसे नव्या बॅटरीत गेले.

आणि गंमत सांगू? छतावर सोलर पॅनेल होतं. ताडपत्रीच्या खाली.

यूट्यूबवर या विषयाचे बरेच व्हिडिओ युरोप-अमेरिकेतले आहेत. तिकडे बर्फ पडतो म्हणून गाडी हिवाळ्यात उभी राहते. आपल्या मावळात हिवाळा हाच फिरायचा सीझन. गाडी उभी राहते ती पावसाळ्यात. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, लोणावळ्यात ४००० च्या वर. म्हणजे गाडी उभी असते नेमकी तेव्हाच ऊन नसतं.

आता बॅटरी मरते कशी ते बघू. लोणावळ्यात वळवणसारख्या तलावांत पावसाचं पाणी साठवतात आणि ते खाली खोपोलीला सोडून १९१५ पासून मुंबईसाठी वीज बनते. बॅटरी म्हणजे असाच छोटा तलाव समजा. पाणी कुणी वापरलं नाही तरी गळती असली की पातळी खाली जाणारच.

आमच्या गाडीत गळती दोन ठिकाणी होती. पहिली, जीपीएस ट्रॅकर आणि अलार्म. दोन्ही मिळून ३० मिलिॲम्पिअर खातात. ऐकायला काहीच नाही, पण २४ तासांचे ७२० एमएएच झाले, म्हणजे ०.७२ ॲम्पिअर-तास. गुणिले १२० दिवस, झाले ८६! दुसरी गळती बॅटरीची स्वतःची. लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी महिन्याला ३ ते ५ टक्के उतरते. बेरीज केली की १०० चा तलाव कोरडा.

लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की तिच्या प्लेटांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात. मग कितीही चार्ज करा, जुनी ताकद परत येत नाही. म्हणून आकडे लक्षात ठेवा: चार्जिंग काढून काही तासांनी १२.७ व्होल्ट म्हणजे फुल, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.४ च्या खाली गेली की लगेच चार्ज करा.

पहिला उपाय फुकट आहे. ट्रॅकर चालू ठेवायची गरज नसेल तर बॅटरीची मायनस वायर काढून ठेवा. मग राहते फक्त बॅटरीची स्वतःची गळती. चार महिन्यांत १२ ते २० टक्के. मध्ये एकदा घरच्या चार्जरवर लावली की काम झालं. सोलर लागतच नाही.

पण ट्रॅकर चालूच हवा असेल तर? मग सोलर. आणि इथे हिशेब मे महिन्याचा नाही, जुलैचा करायचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर सरासरी लोडवर नाही, सगळ्यात वाईट दिवसावर ठरवतो, तसंच. दाट ढगात पॅनेल क्षमतेच्या १०-२० टक्केच देतं. दिवसभराचं मिळून एका तासाच्या कडक उन्हाइतकं धरू. २० वॅटचं पॅनेल मग दिवसाला जेमतेम १ ॲम्पिअर-तास देईल. खर्च किती? ट्रॅकर-अलार्म ०.७२, बॅटरीची गळती ०.१५ आणि चार्ज कंट्रोलर स्वतः १० मिलिॲम्पिअर खात असेल तर त्याचे ०.२४. एकूण १.१. म्हणजे २० वॅट कमी पडलं. ५० वॅटवाल्यातून नुकसान धरूनही दोनच्या वर मिळतात. ते घ्या.

जोडताना चार गोष्टी:

१. मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. १२ व्होल्टचं म्हणून विकतात त्या पॅनेलचा व्होल्टेज उन्हात १८ च्या आसपास जातो. कंट्रोलर तो आवरतो आणि रात्री बॅटरी उलटी पॅनेलमध्ये उतरू देत नाही.

२. आधी कंट्रोलर बॅटरीला जोडा, मग पॅनेल. काढताना उलट. बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज लावा.

३. पॅनेल दक्षिणेला खूप तिरकं करू नका. लोणावळा १८.७५ अंश उत्तरेला आहे, त्यामुळे जूनमध्ये दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेलाच असतो. जवळजवळ सपाट ठेवा, फक्त पाणी ओघळेल आणि शेवाळ धरणार नाही इतका उतार द्या.

४. ताडपत्री पॅनेलच्या खाली. वर नाही. हे मी अनुभवानं सांगतोय.

लिथियम बॅटरी असेल तर नियम वेगळा: फुल करून ठेवायची नाही. साधारण अर्धी चार्ज करा, सगळं लोड तोडा आणि ठेवून द्या.

यंदा आमची गाडी पुन्हा कामशेतलाच आहे. मामा दर रविवारी व्होल्टेजचा फोटो पाठवतो. कालचा आकडा १२.७. कोकण ट्रिपचे पैसे अजून शाबूत आहेत.

तुमची गाडी उभी असेल तर आज एकदा मल्टिमीटर लावून बघा. भेटू पुढच्या भागात!