मानवत शोधलं, मानवता सापडली

परभणी जिल्ह्यात मानवत नावाचं तालुक्याचं गाव आहे. कापसाच्या बाजाराचं गाव. जवळच्या रेल्वे स्टेशनचं नाव मानवत रोड. समजा, मराठी बातम्यांचा भलामोठा साठा तुमच्या कॉम्प्युटरवर आहे आणि त्यातून या गावाचा उल्लेख असलेली प्रत्येक ओळ तुम्हाला वेगळी काढायची आहे. नुसतं 'मानवत' शोधायला सांगितलं तर? गाव सापडेलच, पण त्याच्यासोबत मानवता, मानवतावाद, मानवतेचा पुजारी हेही सगळे हजर होतील.

अशा वेळी प्रोग्रामर मंडळी रेग्युलर एक्स्प्रेशन, त्यांच्या भाषेत 'रेजेक्स', काढतात. रेजेक्स म्हणजे मजकुराचा साचा. त्यात टिंबाचा अर्थ 'कुठलंही एक चिन्ह', चांदणीचा (*) अर्थ 'मागचं चिन्ह कितीही वेळा, अगदी शून्य वेळाही', आणि प्रश्नचिन्हाचा अर्थ 'मागचं चिन्ह असलं तर असू दे, नसलं तरी चालेल'. एवढ्याशा भांडवलावर काय काय पकडता येतं! आणि ही कल्पना आली कुठून? मज्जापेशींच्या अभ्यासातून! मॅककुलक आणि पिट्स या दोन संशोधकांनी १९४३ साली मज्जापेशींचं एक गणिती रूप मांडलं. अशा पेशींचं जाळं नेमक्या कुठल्या घटनाक्रमांना ओळखू शकतं, हा प्रश्न स्टीफन क्लीनी यांनी १९५१ मध्ये हाती घेतला, आणि उत्तर लिहिण्यासाठी ही खूणभाषा घडवली. ती चांदणी त्यांचीच. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी तिच्यावर मजकूर शोधण्याची रीत प्रसिद्ध केली. मेंदूबद्दलचा प्रश्न असा थेट शब्द शोधण्याच्या कामी आला.

आता आपल्या गावाकडे वळू. रेजेक्समध्ये 'इथे शब्दाची कड आहे' असं सांगणारी एक खूण असते: उलटी तिरकी रेघ आणि पुढे इंग्रजी बी. ती 'मानवत'च्या दोन्ही बाजूंना लावली की मानवता आपोआप गळेल, असं कुणालाही वाटेल. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत हे करून पाहा. मानवता गळत नाही! मानवतेचा, मानवतावाद, सगळे साच्यात चपखल बसतात. उलट मानवतला, मानवतचा, मानवतमध्ये, म्हणजे ज्यांच्यात आपलं गाव खरोखर आहे, तेच बाहेर राहतात. हवं ते नाकारलं, नको ते घेतलं. इतकी नेमकी उलटापालट ठरवूनही जमली नसती.

असं का व्हावं? 'मानवत' म्हटलं की आपल्याला चार अक्षरं दिसतात. यंत्राला दिसतात पाच आकडे: २३५०, २३६६, २३४४, २३५७, २३४०. युनिकोड या जागतिक प्रमाणाने प्रत्येक चिन्हाला दिलेले हे क्रमांक. दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे ते एकामागून एक येतात, आणि त्यातला दुसरा मणी, २३६६, म्हणजे 'मा'चा काना! आपल्यासाठी तो 'म'चाच भाग. यंत्रासाठी तो स्वतंत्र. म्हणून 'कुठलीही चार चिन्हं' असा चार टिंबांचा साचा केला, तर 'मानवत' त्यात पूर्ण मावतच नाही.

युनिकोड प्रत्येक चिन्हाला वर्गही देतं. त, व, न हे 'अक्षर'. काना, वेलांटी, उकार मात्र 'दुसऱ्याला चिकटणारी चिन्हं'. पायथॉनचं रेजेक्स शब्दात फक्त अक्षरं, अंक आणि खालची रेघ धरतं. त्यामुळे 'मानवता'तल्या शेवटच्या कान्यापाशी त्याला वाटतं, शब्द संपला! आणि 'मानवतला'मध्ये 'त'पुढे 'ल' हे अक्षर आहे, तेव्हा शब्द अजून चालूच आहे. त्याच्या नियमाने दोन्ही निर्णय अचूक! जावास्क्रिप्टमध्ये तर ही खूण फक्त रोमन अक्षरं, अंक आणि खालची रेघच ओळखते. तिथे दोन्ही बाजूंना मोकळी जागा असलेलं 'मानवत'सुद्धा सापडत नाही. पर्ल मात्र कानामात्रेला शब्दात धरतं. एकच साचा, तीन भाषा, तीन निकाल.

उपाय मला तरी विलक्षण सुंदर वाटतो:

मानवत(?![ा-ौ])

कंसातलं प्रश्नचिन्ह आणि उद्गारचिन्ह सांगतात: पुढे डोकावून बघ, पण पाऊल टाकू नकोस, तिथे कान्यापासून 'औ'च्या चिन्हापर्यंतचं काही दिसलं तर हा शब्द सोडून दे. मानवता, मानवतेचा गेले. मानवतला, मानवतचा राहिले. पण एक पाहुणा अजून आत आहे: मानवत्व. तिथे 'त'चा पाय मोडलेला आहे, आणि पाय मोडण्याच्या खुणेचा क्रमांक २३८१. आपली मर्यादा 'औ'च्या चिन्हापाशी, २३८० वर, थांबली होती. अवघ्या एका घराने हुकलं! मर्यादा एक घर पुढे सरकवली की मानवत्वही बाहेर. कुणी 'मानवतात पाऊस' असं लिहिलं असेल तर तेवढी ओळ मात्र निसटेल, कारण गावाचा काना आणि मानवतेचा काना यांत साच्याला फरक कळत नाही.

आता त्याच ओळींतून कापसाच्या बातम्या निवडायला 'शेतकऱ्यांना' शोधा. काही येतील, काही येणार नाहीत, आणि पडद्यावर सगळे शब्द डिट्टो सारखे! मराठीचा हा 'ऱ्य' तीन रीतींनी टाइप झालेला असू शकतो: अख्खा 'ऱ', क्रमांक २३५३, किंवा साधा 'र' आणि त्याखालचा ठिपका, म्हणजे नुक्ता, २३५२ व २३६४, किंवा 'र', मोडलेला पाय आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचं एक चिन्ह, जे डोळ्यांना कधीच दिसत नाही. पहिल्या दोघांना एकरूप करण्याची सोय युनिकोडमध्येच आहे. तिसऱ्याला ती लागू पडत नाही. मग साच्यात 'र' आणि 'ऱ' दोन्हींना मुभा द्यायची, नुक्त्यापुढे एक प्रश्नचिन्ह, त्या अदृश्य चिन्हापुढे आणखी एक, आणि शोध पुन्हा चालवायचा. आता तिन्ही रीतींचे शेतकरी यादीत येतात.