गाडी मागून उडते, म्हणजे नेमकं काय होतं?

आजचा विषय फलकावर वाचून दोघातिघांनी दारातच विचारलं, की तत्त्वज्ञानाचा मास्तर पिकअपच्या पाट्यांवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. आम्ही उभी हयात शब्दांचे अर्थ सोडवण्यात घालवली, आणि या विषयातला बराचसा घोटाळा एका शब्दाचाच आहे, एवढाच आमचा अधिकार.

आमचा पुतण्या जुन्नर तालुक्यात शेती करतो. त्याची पिकअप आहे, टोमॅटोची कॅरेट भरून नारायणगावच्या बाजारात न्यायला. काही वर्षांपूर्वी त्याला वाटायला लागलं, की भरलेली गाडी खड्ड्यातून गेली की मागचा भाग बराच वेळ खालीवर होत राहतो. त्यानं मिस्त्रीला सांगितलं, "गाडी मागून उडते." मिस्त्रीनं ऐकलं आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे वाढवून दिले. भरलेली गाडी आता ताठ उभी राहायला लागली. पुतण्या खूश. मग पावसाळ्यात एके दिवशी गाडी रिकामी परतत होती. ओलं वळण, त्यावर रस्त्याला बारीक लाटा पडलेल्या. ब्रेक दाबला आणि मागची चाकं रस्ता सोडून नाचायला लागली. गाडी आडवी होऊन चारीत गेली. कॅरेट शेतभर पसरले. एरवी हौद्यात दोन मजूर बसून येत असत; त्या दिवशी ते फाट्यावर आधीच उतरले होते, म्हणून आज हे निवांत सांगता येतंय.

आता पाहा. पुतण्या म्हणाला 'उडते'. मिस्त्रीनंही 'उडते' असंच ऐकलं. पण या एका शब्दाखाली दोन वेगळे दोष राहतात. आमच्या न्यायशास्त्रात वाक्छलाचं जुनं उदाहरण आहे, 'नवकंबल': बोलणाऱ्याला नवी घोंगडी म्हणायची असते, ऐकणारा नऊ घोंगड्या मोजायला लागतो. तिथं वादात हरतो माणूस. इथं चारीत जातो.

आपण दोन शब्द वापरू. एक 'झोका' आणि दुसरा 'दणका'. खड्डा मागे पडला तरी मागचा भाग दोनतीनदा खालीवर होतो, तो झोका. खड्डा लागला की ठण्णकन वर फेकलं जातं, ढुंगण सीटवरून सुटतं, तो दणका. झोका बहुधा भरलेल्या गाडीचा, दणका रिकाम्या गाडीचा.

असं का, ते समजून घ्यायला थोडा हिशोब लागेल. घाबरू नका, वर्गमुळापलीकडे जाणार नाही. रॉबर्ट हूकनं १६७८ साली मांडलं, की स्प्रिंग जेवढी दाबाल तेवढ्या प्रमाणात ती उलट रेटते. पाटे हीही स्प्रिंगच. त्यांच्यावर वजन ठेवून हलवलं, की सेकंदाला किती वेळा खालीवर होणार हे दोन गोष्टींवर ठरतं: पाटे किती कडक आणि वर वजन किती. वजन चौपट झालं तर हालचाल निम्म्या वेगानं होते, चारचं वर्गमूळ दोन म्हणून. सोपे आकडे धरू. रिकाम्या गाडीत मागच्या पाट्यांवर ५०० किलो येतात, आणि दीड टन माल भरला की २००० किलो. भरल्यावर गाडी सेकंदाला दीड वेळा हलत असेल, तर तीच गाडी, तेच पाटे, रिकामी असताना सेकंदाला तीन वेळा हलणार. प्रत्यक्षात खालचा जाड पाटा बऱ्याच गाड्यांत भरल्यावरच टेकतो, त्यामुळे फरक थोडा कमी पडतो. पण दिशा हीच.

माणसाला सेकंदाला एक-दीड वेळा हलणं सोसतं. सावकाश चालताना आपण साधारण तसेच हलतो. उभ्या दिशेत शरीर सर्वांत हळवं असतं ते सेकंदाला ४ ते ८ हालचालींना. पुतण्याच्या गाडीला सात पाटे होते, ते नऊ झाले. पाटे सारख्याच जाडीचे धरले तर कडकपणा सव्वापटीच्या थोडा वर गेला, आणि रिकाम्या गाडीची तीनची हालचाल जवळजवळ साडेतीनवर आली. म्हणजे मिस्त्रीनं रिकाम्या गाडीला नेमकं कमरेच्या दुखण्याकडे ढकललं.

बरं, झोका तरी थांबला का? इथं दुसरा घोटाळा आहे. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत करते. तो खर्च करत नाही. खर्च करणारा वेगळा, शॉकअप. त्याच्या आतलं तेल बारीक भोकांतून रेटलं जातं, हालचालीची उष्णता होते आणि ती हवेत जाते. झोका चालू राहतो याचा अर्थ खर्च करणारा थकलाय. त्याच्यापुढे आणखी कडक स्प्रिंग उभी केली तर त्याचं काम वाढलंच. गाडी ताठ उभी राहिली, म्हणून पुतण्याला सुधारल्यासारखी वाटली. उभं राहणं वेगळं आणि स्थिर होणं वेगळं.

शॉकअप जिवंत आहे का, हे ओळखायची एक युक्ती आम्हाला एका वयस्क फिटरनं शिकवली. कारसारखं मागून दाबून सोडायचं तंत्र पिकअपला फारसं लागू पडत नाही. पाटे इतके कडक, की हातानं दबतच नाहीत. त्याऐवजी खराब रस्त्यावर दहाबारा किलोमीटर चालवा, थांबा, आणि दोन्ही शॉकअपला जपून हात लावा. काम करणारा गरम लागतो. एक गरम आणि एक गार, तर गार आहे तो नुसता लोंबकळतोय. अंगावर तेलाचा ओघळ असेल तर हातही लावायला नको. आणि बदलायचे तर जोडीनं.

आता दणका. त्याचा उपाय पुष्कळदा काही न लावता, उलट काढून होतो. वाढवलेले पाटे काढा. उरलेले पाटे गंजून एकमेकांना चिकटलेत का पाहा. चिकटले असतील तर छोट्या खड्ड्याला ते हलतच नाहीत आणि सगळा भार टायरवर येतो. टायर हीसुद्धा स्प्रिंग आहे, पण तिच्याजवळ खर्च करणारा जवळपास कुणी नाही. चेंडूच म्हणा. म्हणून बुश, शॅकल, पाट्यांमधली सफाई ही फुकटात जमणारी कामं आधी. मग हवा. पुष्कळ लोक भरलेल्या गाडीची हवा बारा महिने तशीच ठेवतात. रिकाम्या गाडीसाठी कंपनीनं वेगळा, कमी आकडा दिलेला असेल, तर तो दारापाशी चिकटवलेल्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत सापडतो. मात्र कमी हवेवर माल भरू नका. टायर तापतो आणि फुटतो.

वजन टाकावं का, असं कुणीतरी विचारेलच. मागच्या एक्सलच्या वर किंवा किंचित पुढे वाळूची पोती घट्ट बांधली तर रिकामी गाडी मऊ होते, हे खरं. पण ती अगदी शेवटच्या फाळक्यापाशी ठेवली तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगतं. न बांधलेलं पोतं ब्रेक लागल्यावर केबिनवर येतं. मालाचंही हेच. जड कॅरेट पुढे आणि खाली.

एक गोष्ट मात्र आवाज चढवून सांगायची आहे. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा एक वॉल्व्ह असतो. तो एका दांडीनं एक्सलला जोडलेला असतो. माल भरला, गाडी खाली बसली, की दांडी हलते आणि वॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. पाटे वाढवले की भरलेली गाडी बसतच नाही. वॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे. दीड टन माल, आणि मागचा ब्रेक रिकाम्या गाडीचा! पाटे वाढवणाऱ्याला हे विचारा: दांडी पुन्हा जुळवली का? पुतण्याच्या मिस्त्रीला दांडी ठाऊक होती, पण तिचं काम काय ते ठाऊक नव्हतं. त्याला दोष कशाला द्या; त्याच्याकडे आलं होतं ते एकच वाक्य, "मागून उडते."

हवेचे फुगे बसवण्याबद्दलही चिठ्ठी आलीय. पाट्यांच्या जोडीला, चॅसिस आणि एक्सलच्या मध्ये ते बसतात. कल्पना चांगली आहे: माल असेल तेव्हा हवा भरा, नसेल तेव्हा कमी करा, म्हणजे कडकपणा वजनाबरोबर बदलतो. बसमध्ये एअर सस्पेन्शन असतं, त्यामागचा विचार हाच. पण फुग्यानं गाडीची उंची सावरते, वाहण्याची मर्यादा वाढत नाही. चॅसिस, एक्सल, ब्रेक तेच राहतात. आणि वर सांगितलेली दांडी इथंही फसतेच.

पुतण्यानं शेवटी जास्तीचे चारही पाटे काढले, मागचे दोन्ही शॉकअप बदलले, पाटे उघडून साफ केले. रिकाम्या गाडीत अजून थोडा दणका बसतो. तो बसणारच, ती मालासाठी बांधलेली गाडी आहे. परवा आम्हाला गावाहून सोडायला तो आला तेव्हा आम्ही म्हटलं, "अरे, जरा उडतेय रे अजून." तो म्हणाला, "काका, झोका की दणका, ते आधी सांगा."